मुंबई-पुणे-मुंबई, व्हाया निपाणी



गेल्या आठवड्यात टीव्हीवर 'मुंबई-पुणे-मुंबई 2' लागला होता. आमची सौ. बघत बसली होती, मी पेपर वाचत होतो. डोळे पेपरात, कान तिकडं. हा सिनेमा आम्ही 2015 च्या दिवाळीत बेळगावात थेटरात जाऊन बघितला होता आणि बाहेर पडताना मी म्हणालो होतो, "तिकिटाचे पैसे बुडीत खाती गेले." बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! पण त्या फसलेल्या सिनेमावरून आपल्या भागातल्या सिनेमाचा इतिहास आणि माझ्या घरातला एक जुना हिशेब, दोन्ही एकदम आठवले. आज लिहून टाकतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सिनेमा 12 नोव्हेंबर 2015 ला, ऐन पाडव्याला आला. त्याच दिवशी 'कट्यार काळजात घुसली' आला आणि त्याच दिवशी सलमान खानचा 'प्रेम रतन धन पायो'सुद्धा. भाऊबीज झाल्यावर घरात मतदान झालं. 'कट्यार'च्या बाजूनं मी एकटाच. सौ. म्हणाली, सणासुदीला हलकंफुलकं बघूया. थोरली मुलगी, जावई आणि अकरा वर्षांचा नातू दिवाळीला आले होते. तिकिटं जावयानं काढली, त्यामुळं मला बोलायला तोंड राहिलं नाही.

पहिला भाग 2010 चा, सतीश राजवाडेंचा. तो मला मनापासून आवडला होता. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, एक दिवस आणि पुणे शहर, एवढंच भांडवल. मुंबईची मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते. दिवसभर ज्याच्याबरोबर पुणं हिंडते, भांडते, तोच ते स्थळ निघतो. दोघांची नावंसुद्धा आपल्याला कळत नाहीत. शेवट काय होणार हे अर्ध्या तासात कळतं, तरी माणूस जागचा हलत नाही.

दुसऱ्या भागात नावं मिळाली, गौतम आणि गौरी. लग्न ठरलेलं. दोन्ही घरं सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी, दोन्हीकडं पसंती. मुलीच्या मनात मात्र आपण घाई तर करत नाही ना अशी शंका, आणि मग तिचा जुना मित्र अर्णव परत येतो. सगळे नट चांगले, प्रशांत दामले आहेत, घरं सुंदर, साड्या सुंदर. पण पुढं काय होणार हे मला दिसत होतं, सौ.ला दिसत होतं, नातवालाही दिसत होतं. इंटरव्हलला तो म्हणाला, "अज्जा, शेवटी लग्न होणारच ना? मग एवढं कशाला करायलेत?"

त्याचा प्रश्न सोपा होता, पण मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर दोन दिवस तोच डोक्यात. शेवट तर सगळ्याच प्रेमाच्या विनोदी सिनेमांचा आधीच ठाऊक असतो. मग एक आवडतो आणि दुसरा का आवडत नाही?

याचं उत्तर शोधायला जरा मागं जावं लागेल.

आपला भाग आणि सिनेमा यांचं नातं जुनं. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगावहून शंभरच्या थोडं वर. आणि कोल्हापूर म्हणजे मराठी बोलपटाचं माहेर. 'प्रभात'चा 1932 चा 'अयोध्येचा राजा' तिथलाच. पण कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना', जो 1934 साली आला, तोही कोल्हापुरातच, छत्रपती सिनेटोनच्या स्टुडिओत तयार झाला, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. त्या वेळी भांडण नव्हतं. स्टुडिओ होता, यंत्रं होती, ज्याला सिनेमा काढायचा तो कोल्हापूरला यायचा.

1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. मी सहा वर्षांचा होतो. पुढं महाजन आयोग नेमला गेला, 1967 ला त्याचा अहवाल आला, 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, हे सगळं या ग्रुपवर सगळ्यांना पाठ आहे. पण एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. राज्यं बदलली तरी सिनेमाचा धंदा करणाऱ्यांनी आपला नकाशा बदलला नाही. हिंदी सिनेमाच्या वितरणाचे जे विभाग असतात, त्यात बेळगाव, धारवाड हा सगळा जुना मुंबई इलाखा पुढंही 'बॉम्बे सर्किट'मध्येच राहिला. म्हणजे मामलेदार कचेरीत आपण बंगळूरकडं तोंड करून उभे, आणि टॉकीजमध्ये मुंबईकडं!

कराची गंमत वेगळीच. 2017 साली जीएसटी येईपर्यंत कर्नाटकात कन्नड सिनेमाला करमणूक कर माफ, महाराष्ट्रात मराठी सिनेमाला माफ. मधल्या मध्ये आम्ही. तोच मराठी सिनेमा कोल्हापुरात करमुक्त आणि निपाणी-बेळगावात करासहित. तरी आपण तो बघायचो. मराठी सिनेमा लागलाय आणि आपणच गेलो नाही, तर टॉकीजवाला पुढचा कशाला आणेल, असा हिशेब असायचा. किती टुकार सिनेमे आम्ही निव्वळ याच कारणासाठी बघितले, त्याची यादी करायची तर वही पुरायची नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कळायचं नाही. सिनेमा वाईट असेल तर तो सरळ जात नाही. आम्हाला मात्र मराठी सिनेमाला न जाणं हे घरच्या कार्याला न जाण्यासारखं वाटायचं.

आता प्रेमाच्या विनोदी सिनेमाकडं येतो.

याची मराठीतली मोठी सुरुवात 'ब्रह्मचारी'पासून धरायला हरकत नाही. 1938, कोल्हापूरची हंस पिक्चर्स, मास्टर विनायक, लेखन आचार्य अत्रे यांचं. तरुण औदुंबर एका देशभक्ताचं भाषण ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि मग मीनाक्षी शिरोडकर समोर येतात. त्यांचा पोहण्याचा पोशाख त्या काळी केवढा गाजला होता! वडील ती गोष्ट सांगायचे तेव्हा आई स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात आपटायची. औदुंबर लग्न करणार हे पहिल्या शपथेलाच कळतं. पण त्या वेळी तशा शपथा घेणारी आणि घ्यायला लावणारी माणसं गल्लोगल्ली होती. अडचण खरी होती.

1970 चा 'मुंबईचा जावई' मी कॉमर्सला असताना बघितला. राजा ठाकूर यांचा. नवीन लग्न झालेलं जोडपं, मुंबईतली जेमतेम जागा, माणसं खच्चून, आणि दोघांना बोलायला कोपरा नाही. दोन वर्षांनी बासू चटर्जींनी त्यावर हिंदीत 'पिया का घर' काढला. आमच्या गल्लीतली दोन लग्न झालेली मंडळी तो बघून आली आणि आठवड्यात वेगळी खोली शोधायला लागली. इथंही अडचण खरी.

1988 चा 'अशी ही बनवा बनवी' तर तुम्हाला तोंडपाठ. त्याचं मूळ हृषिकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'मध्ये. भाड्याची खोली फक्त जोडप्यांना, म्हणून पुरुषानं साडी नेसायची. बँकेत माझी बदली होईल त्या गावात मीही घर शोधत हिंडलोय. घरमालकाच्या पहिल्या चार प्रश्नांची मला सवय आहे. म्हणून तो सिनेमा मला आजही खोटा वाटत नाही.

पण मला सांगायचाय तो 'धूमधडाका'चा किस्सा.

1985. मी तेव्हा निपाणीला होतो. तंबाखूचं गाव. हंगामात रस्त्यानं चाललं तरी नाकात वास बसायचा, नोटांनासुद्धा तंबाखूचा वास. चार वर्षांपूर्वीच शरद जोशींचं तंबाखू आंदोलन झालेलं, त्याच्या आठवणी प्रत्येक घरात ताज्या. आमच्या शाखेत हुबळीकडचे एक अधिकारी बदलून आले होते. मराठी शून्य. एकटे राहायचे, संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न. त्यांना घेऊन मी 'धूमधडाका'ला गेलो. महेश कोठारे, लक्ष्मीकांत बेर्डे, अशोक सराफ, आणि श्रीमंत बाप शरद तळवलकर.

दहा मिनिटांत हे गृहस्थ माझ्या कानाला लागले. "आता बघा, हा नोकरीवरून काढणार." काढलं. "आता हा आपल्या मित्राला खोटा बाप करून आणणार." आणला. मला काही कळेना. मराठीचं एक अक्षर समजत नाही आणि प्रत्येक सीन आधी सांगतोय! शेवटी माझ्या मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "ओ साहेब, गप बसा की ओ, आम्हाला बघू द्या!"

बाहेर आल्यावर उलगडा झाला. त्यांनी हीच गोष्ट 1979 साली कन्नडमध्ये बघितली होती, 'प्रीती माडु तमाशे नोडु'. अर्थ असा की, प्रेम कर, गंमत बघ. मूळ गोष्ट तमिळ, श्रीधर यांचा 1964 चा 'कादलिक्क नेरमिल्लै'. तिचा 1966 ला हिंदीत 'प्यार किये जा' झाला, मग कन्नड, मग आपला मराठी. मद्रासहून निघालेली गोष्ट एकवीस वर्षांनी निपाणीत पोचली, आणि प्रत्येक राज्यात लोक पोट धरून हसले. पोरीचा बाप पैशाकडं बघतो, पोरगा फाटका असतो, आणि बापाला फसवल्याशिवाय लग्न होत नाही. हे समजायला कुठल्याच भाषेची गरज नाही.

आम्ही दोघं त्या रात्री चहा पीत बसलो. तो मला कन्नडमधल्या गमती सांगत होता, मी त्याला मराठीतल्या. मी म्हणालो, "बघा, आपल्या दोघांचं हसू एकच आहे." फार मोठं वाक्य बोललो असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता घरातला हिशेब.

1999 च्या गणपतीत थोरल्या मुलीनं सांगितलं की तिनं मुलगा पसंत केलाय. शिकलेला, चांगल्या नोकरीत, निर्व्यसनी. बैलहोंगलकडचा. घरी कन्नड.

मी नाही म्हणालो.

पुढची दोन वर्षं नाहीच म्हणत राहिलो. माझे वडील दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत जायचे, अंगात ताप असला तरी. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपल्या भागात काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. वडील तोवर वारले होते. मी त्यांच्या फोटोकडं बोट दाखवायचो आणि म्हणायचो, ह्यांना काय उत्तर देऊ?

पण मंडळी, खरं सांगतो. त्याच मी आयुष्यातली पंधरा वर्षं काउंटरवर कन्नड बोललोय. गोकाकहून बदली झाली तेव्हा शेतकऱ्यांनी मला करदंटाचा डबा दिला आणि मी कन्नडमध्ये भाषण करून रडलो होतो. माणूस चांगला होता, कर्जफेड चोख होती, तोवर भाषा आड आली नाही. मुलगी द्यायची म्हटल्यावर आली. निपाणीतला तो चहा मी विसरलो होतो.

घरात सगळ्यांना शेवट दिसत होता. मुलगी ऐकणार नव्हती, मुलगा हटणार नव्हता, सौ. आतून त्यांच्याच बाजूची. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडं दोनदा माणूस पाठवला, एकदा बसून बोलू म्हणून. मी दोन्ही वेळा काहीतरी कारण सांगून टाळलं.

शेवटी आई बोलली. पंच्याहत्तरी ओलांडलेली, चिकोडी तालुक्यातल्या खेड्यातली. एक दिवस जेवताना म्हणाली, "माझी आई माझ्याशी कन्नडच बोलायची की. तू तिच्या मांडीवर वाढलायस. आता तुला कन्नड परकं झालं होय रे?" मी ताटातून उठलो नाही, पण पुढचा घासही गेला नाही. पुलंनी 'गणगोत'मध्ये बेळगावचे रावसाहेब उभे केले, त्यांची ती कन्नड हेल काढणारी मराठी ऐकून अख्खा महाराष्ट्र हसला आणि हळहळला. तशी भाषा माझ्या स्वतःच्या आईच्या तोंडी होती, आणि मला ती ऐकू येत नव्हती.

मी होकार द्यायचं ठरवलं. पण ऑक्टोबर 2001 मध्ये मुलाचे वडील वारले. हार्ट अटॅक. मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते असं.

वर्षाच्या आत उरकायचं म्हणून फेब्रुवारी 2002 ला लग्न झालं. पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. आमच्या एका नातेवाइकांनी विचारलं, पहिली बाजू कुठली? जावई म्हणाला, "उघडाल ती." सगळे हसले. जेवणं झाली, फोटो झाले. फोटोत विहीणबाई एकट्या उभ्या आहेत. तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे, आणि इतक्या वर्षांत मी तो नीट बघायचं टाळतो.

आता परत 2015 च्या थेटरात या. सिनेमा संपला, लग्न लागलं, दिवे लागले. मी जिना उतरताना कुरकुरत होतो की गोष्टीत काही दमच नाही. जावई मागून येत होता. तो मला पहिल्यापासून मामा म्हणतो, आपल्यातही सासऱ्याला मामा म्हणतात आणि त्यांच्यातही. तो म्हणाला, "मामा, ह्यांना अडचणच नाही की ओ. दिग्दर्शक आपल्याकडं आला असता तर अडीच वर्षांचा माल दिला असता."

मुलगी हसली, सौ. हसली. मीही हसलो. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. शेवट माहीत असणं हा दोष नाही. 'ब्रह्मचारी'चा माहीत होता, 'बनवा बनवी'चा माहीत होता. पण त्या प्रत्येकात त्या-त्या काळची एक खरी अडचण होती. शपथ, जागा, पैसा, बाप. हसता हसता प्रेक्षकाला आपलं घर दिसायचं. 'मुंबई-पुणे-मुंबई 2'मध्ये अडचण वरून आणून चिकटवलेली होती. दोन श्रीमंत शहरं, एकच भाषा, तोंडभरून हसणारे आईवडील. त्या रस्त्यावर निपाणी लागतच नाही. पाच महिन्यांनी, 2016 च्या एप्रिलमध्ये नागराज मंजुळेंचा 'सैराट' आला. त्याचा अर्धा भाग तर हसवणाराच होता. पण अडचण खरी होती आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. लोकांनी तो का डोक्यावर घेतला हे मला सिनेमातलं काही कळत नसताना कळलं.

टीकाही एकांगी नको. सिनेमा चालला, लोकांना आवडला, 2018 ला तिसरा भागही आला. आणि जिथं मुलं आपापली ठरवतात, आईवडील आनंदानं हो म्हणतात, तिथं सिनेमाला अडचण मिळणार कुठून? एका अर्थी तो सिनेमा कंटाळवाणा आहे हे चांगलंच म्हणायचं. माझ्या मुलीचं लग्नही तसंच कंटाळवाणं व्हायला पाहिजे होतं. बघायला आले, बोलले, पसंत पडलं, दोन्ही वडील मांडवात उभे राहिले, संपलं. कुणी त्यावर सिनेमा काढला नसता, आणि काढला असता तर मी पैसे बुडाले म्हणालो असतो.

गेल्या आठवड्यात टीव्हीवर लग्नाचा प्रसंग आला तेव्हा मी पेपर खाली ठेवला. सौ. म्हणाली, "काय ओ, आवडला होय शेवटी?" म्हटलं, नाही. सिनेमा तसाच आहे, माझं मत काही बदललेलं नाही.

मग उठून हॉलमधला फोटो पुसला.

तुमच्या घरात कुणी असं 'नाही' म्हणून बसलेलं असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा. माझं नाव सांगा हवं तर. आणि निपाणी-बेळगावात 'धूमधडाका', 'बनवा बनवी' कुठल्या टॉकीजला, कुणाबरोबर बघितला, तेही लिहा. वाचायला मी आहेच, रिटायर माणूस.